कंट्रोलरच्या प्रमाणपत्राची प्राणप्रतिष्ठा

स्वतःच्याच जागेत, स्वतःच्याच पैशाने घेतलेल्या आणि स्वतःच्याच हाताने बसवलेल्या यंत्राकडे जाताना ‘पुढे जाणे धोक्याचे आहे’ असा इशारा मिळण्याचे भाग्य आधुनिक मनुष्याला ज्या मोजक्या प्रसंगी लाभते, त्यांत नेटवर्क कंट्रोलर उघडण्याचा प्रसंग अग्रस्थानी ठेवावा लागेल. नेटवर्क कंट्रोलर म्हणजे एखाद्या शाळेत, लॉजमध्ये, रुग्णालयात किंवा कचेरीत छताला चिकटवलेल्या वाय-फायच्या पांढऱ्या चकत्यांवर, म्हणजेच ॲक्सेस पॉइंटांवर, देखरेख करणारे सॉफ्टवेअर होय. कोणत्या चकतीने कोणत्या नावाने वाय-फाय पसरावे, पासवर्ड कोणता असावा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कोणत्या फोनने आज सर्वांत जास्त डेटा ओढला, हे सर्व तिथून ठरते आणि तिथेच कळते. हे सॉफ्टवेअर निर्मात्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवता येते किंवा आपल्याच कपाटाशेजारच्या जुन्या संगणकावर चालवता येते, आणि जो हा दुसरा, स्वावलंबनाचा मार्ग पत्करतो, त्याचे स्वागत पहिल्याच दिवशी वर सांगितलेल्या इशाऱ्याने होते.

या जातीचा बहुपरिचित नमुना म्हणजे युबिक्विटी कंपनीचा युनिफाय कंट्रोलर. तो जावा भाषेत लिहिलेला असून ८४४३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाने येणाऱ्या संदेशांसाठी नेमून दिलेल्या क्रमांकित दारावर, ब्राउझरची वाट पाहत असतो. ब्राउझर तिथे पोहोचला की दोघांनी आपसांतले बोलणे कूटबद्ध करावे, म्हणजे मधल्या कोणालाही ते वाचता येऊ नये, असा संकेत आहे आणि त्यापूर्वी कंट्रोलरने आपले प्रमाणपत्र पुढे करायचे असते. या प्रमाणपत्रात मुख्यतः चार गोष्टी असतात: ज्याचे प्रमाणपत्र त्याचे नाव, त्याची जाहीर किल्ली, मुदत, आणि या सर्व बाबी खऱ्या असल्याबद्दल कोणा तरी जबाबदार संस्थेची सही. हा आराखडा एक्स.५०९ या नावाने १९८८ साली ठरला आणि तोच, थोड्याफार डागडुजीनिशी, आजही चालू आहे. कंट्रोलर मात्र बसवल्याबरोबर स्वतःचे प्रमाणपत्र स्वतःच तयार करतो, त्यावर सहीही स्वतःच ठोकतो आणि तेच ब्राउझरपुढे धरतो. अशा प्रमाणपत्राला सेल्फ-साइन्ड म्हणतात. त्याच्या आधारे होणारे कूटलेखन इतर कोणत्याही प्रमाणपत्राइतकेच भक्कम असते. फक्त समोर उभा असलेला तो कंट्रोलरच आहे, या गोष्टीचा एकमेव साक्षीदारही तो स्वतःच असतो.

भारतीय नागरिकाला ही परिस्थिती समजून घेण्यास सायास पडू नयेत. गुणपत्रिकेची झेरॉक्स ही त्याच गुणपत्रिकेची झेरॉक्स आहे, एवढे सिद्ध करण्यासाठी हिरव्या शाईचा राजपत्रित अधिकारी शोधत हिंडण्यात येथील अनेक पिढ्यांची उमेदीची वर्षे गेली. पुढे २०१५ साली महाराष्ट्र शासनाने स्वयंसाक्षांकन मान्य केले आणि अर्जदाराने ‘सत्यप्रत’ असे लिहून खाली स्वतःच सही केली, तरी खिडकीपलीकडचा कारकून ती मुकाट्याने घेऊ लागला. शासनयंत्रणा ज्या औदार्यापर्यंत येऊन पोहोचली, तिथवर ब्राउझर अद्याप आलेला नाही. त्याच्या दप्तरात मान्यताप्राप्त अधिकाऱ्यांची एक यादी असते आणि त्या यादीतल्या कोणाचा शिक्का नसेल, तर अर्जदार साक्षात घरमालक असला, तरी तो त्याला उंबरठ्यावरच अडवतो. न्यायबुद्धीने पाहता ब्राउझरची बाजूही लंगडी नाही: कारकुनाला शंका आल्यास मूळ कागद मागवून पाहता येतो आणि कागद खोटा निघाल्यास अर्जदारावर खटलाही भरता येतो, ब्राउझरला यांपैकी काहीच शक्य नसल्यामुळे त्याच्या हाती आरडाओरडा करणे एवढेच उरते.

या आरड्याओरड्यावर मनुष्यजातीने शोधलेला उपाय अभ्यासकांच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. इशाऱ्याच्या पानावर ‘ॲडव्हान्स्ड’ नावाचे एक बटण असते, ते दाबल्यावर खाली बारीक अक्षरांत ‘असुरक्षित असले तरी पुढे जा’ अशा अर्थाचा दुवा उमटतो, आणि पहिल्या खेपेस बिचकत दाबला गेलेला हा दुवा काही दिवसांतच पान पुरते उघडण्याच्या आत दाबला जाऊ लागतो. नवा माणूस कामावर रुजू झाला की त्याला ‘ते लाल-लाल येतं ना, तिकडे लक्षच द्यायचं नाही’ हे ज्ञान तोंडी परंपरेने दिले जाते. काही वेळा हा दुवाही दिसत नाही. अशा प्रसंगासाठी क्रोम ब्राउझरच्या कर्त्यांनी एक गुप्त मंत्र ठेवलेला असून, इशाऱ्याच्या पानावर कोणतीही चौकट नसताना नुसता कीबोर्डवर ‘धिसइजअनसेफ’ असा अखंड शब्द इंग्रजीत टंकला, की पान निमूटपणे उघडते. पूर्वी हा मंत्र ‘बॅडआयडिया’ असा होता. ‘हे असुरक्षित आहे’ अशी कबुली स्वतःच्या हाताने लिहून देऊन आत जाण्याची ही पद्धत शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्राहूनही प्रांजळ म्हटली पाहिजे.

सेल्फ-साइन्ड प्रमाणपत्राचे खरे नुकसान या ठिकाणी आहे. ते कूटलेखनात उणे पडत नाही, ते माणसाला वळण लावते, आणि ते वळण वाईट असते. ज्या दिवशी त्याच वाय-फायवर बसलेला एखादा इसम खरोखरीच मध्ये शिरून बनावट कंट्रोलर उभा करील, त्या दिवशीही अगदी हेच लाल पान उघडेल, आणि वर्षभराच्या सरावाने तयार झालेले बोट त्याच दुव्यावर जाऊन कंट्रोलरचा पासवर्ड त्या इसमाच्या स्वाधीन करील. रोज खोटा ठरणारा इशारा खऱ्या दिवशी कोणीही ऐकत नाही. विश्वासाचे प्रमाणपत्र बसवण्याचा सगळा खटाटोप हा इशारा पुन्हा दुर्मिळ, आणि म्हणून दखलपात्र, व्हावा यासाठी आहे.

गमतीचा भाग असा, की ज्या ॲक्सेस पॉइंटांसाठी हा कंट्रोलर उभा केलेला असतो, त्यांना या प्रमाणपत्राशी काहीही कर्तव्य नसते. छतावरील चकत्या ८०८० या निराळ्या पोर्टवरून कंट्रोलरला आपली हालहवाल कळवतात, त्यासाठी कंट्रोलरने त्यांना दत्तक घेताना दिलेली स्वतंत्र किल्ली वापरतात, आणि प्रमाणपत्र अस्सल असो, बनावट असो वा मुदतबाह्य असो, वाय-फाय अव्याहत चालू ठेवतात. तात्पर्य, तक्रार एकट्या ब्राउझरची असते, आणि ज्याचे काम मुळीच अडलेले नाही अशा व्यवस्थेत केवळ एका प्रेक्षकाच्या समाधानासाठी संपूर्ण रविवार खर्ची घालणे, हे या क्षेत्रातील शुचितेचे लक्षण मानले जाते.

समाधानाचे मार्ग दोन. पहिला मार्ग स्वतःच सही करणारी संस्था बनण्याचा: घरच्या घरी एक मूळ प्रमाणपत्र निर्माण करावे, त्याच्या सहीने कंट्रोलरला प्रमाणपत्र द्यावे आणि ते मूळ प्रमाणपत्र प्रत्येक उपकरणाच्या विश्वासू यादीत नेऊन बसवावे. कागदावर हा मार्ग राजेशाही वाटतो. प्रत्यक्षात या राजाला प्रजेच्या दारोदार फिरावे लागते. आयफोनवर मूळ प्रमाणपत्र बसवल्यानंतरही सेटिंग्जच्या आतल्या खोलीत जाऊन त्यावर वेगळा विश्वास जाहीर करावा लागतो. अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, वापरणाऱ्याने स्वतः घातलेल्या अशा प्रमाणपत्रावर ॲप आपण होऊन विश्वास ठेवत नाहीत, आणि वर ‘तुमच्या नेटवर्कवर पाळत असू शकते’ अशी सूचना फोन देतो. एकदाच दहा वर्षांची मुदत घालून मोकळे व्हावे, हा बेतही ॲपलने हाणून पाडला असून २०१९ च्या जुलैपासून दिलेले ८२५ दिवसांहून अधिक मुदतीचे प्रमाणपत्र त्यांची उपकरणे स्वीकारत नाहीत. लेखा विभागातील ज्येष्ठ भगिनींच्या हातून त्यांचा फोन ‘जरा दोन मिनिटं’ मागून घेणे आणि त्यावर पाळतीची सूचना उमटत असताना ‘काही नाही हो ताई, तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे’ असे सांगणे, याला लागणारे धैर्य तांत्रिक अभ्यासक्रमात शिकवले जात नाही.

दुसरा मार्ग ब्राउझरच्या यादीतील संस्थेकडून सही घेण्याचा. ही यादी शंभराहून अधिक मूळ प्रमाणपत्रांची असते आणि एके काळी त्यांतील बहुतेक संस्था सहीचे पैसे घेत. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमाने ही रीत मोडली: २०१४ च्या नोव्हेंबरात त्याची घोषणा झाली, २०१५ च्या सप्टेंबरात पहिले प्रमाणपत्र निघाले आणि २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत त्याने दिलेल्या प्रमाणपत्रांचा आकडा शंभर कोटींवर गेला. येथे माणसांऐवजी यंत्रे परस्परांशी ॲक्मी नावाच्या प्रोटोकॉलने, म्हणजे संवादाच्या ठरीव नियमावलीने, बोलतात. शुल्क शून्य, रांग शून्य, आणि साहेब जेवायला गेलेले नसतात. फुकट मिळणाऱ्या वस्तूबद्दल मराठी मनात उपजत संशय असतो, तो येथे अनाठायी आहे. या प्रमाणपत्राची किंमत पैशांत नसून ९० दिवसांच्या मुदतीत वसूल केली जाते, हे पुढे कळते.

प्रमाणपत्र मिळवण्यासाठी प्रथम नाव लागते, आणि इथे स्वावलंबी मनुष्याची पहिली ठेच ठरलेली आहे. कंट्रोलर घरच्या जाळ्यात १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या कोणत्या तरी पत्त्यावर राहतो, आणि हा पत्ता जगातल्या असंख्य घरांत एकाच वेळी वापरात असल्यामुळे त्याच्या मालकीबद्दल कोणतीही संस्था सही करत नाही. ‘युनिफाय’ किंवा ‘सर्व्हर-डॉट-लोकल’ अशी घरगुती टोपणनावेही चालत नाहीत. २०१५ च्या १ नोव्हेंबरपासून अशा नावांना प्रमाणपत्र देणे सार्वजनिक संस्थांना बंद झाले आहे. म्हणून वर्षाला काहीशे रुपये मोजून खरेखुरे डोमेन घ्यावे लागते आणि त्याच्या नोंदीत घरच्या खासगी पत्त्याचा उल्लेख करावा लागतो. परिणामी जगातील कोणालाही ते नाव विचारता येते आणि उत्तरादाखल असा पत्ता मिळतो, जो विचारणाऱ्याच्या स्वतःच्याच घरातील राउटरचा किंवा प्रिंटरचा असण्याची शक्यता अधिक.

नाव झाले, की ते आपलेच असल्याचे सिद्ध करायचे असते. सोपी परीक्षा अशी, की संस्थेचा सर्व्हर त्या नावाच्या ८० क्रमांकाच्या पोर्टवर येऊन ठोठावतो आणि तिथे ठरलेली फाइल आहे का, ते पाहतो. परंतु भारतातील अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो, त्यामुळे बाहेरून येणारी टकटक नेमक्या घरापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय कंट्रोलर सुरक्षित करण्यासाठी त्याचे दार साऱ्या जगाला उघडे करावे, हे रोगापेक्षा औषध भयंकर या सदरात मोडते. म्हणून दुसरी परीक्षा पत्करतात: डोमेनच्या नोंदवहीत, म्हणजे डीएनएसमध्ये, संस्थेने दिलेली एक निरर्थक अक्षरमाला मजकुराची नोंद म्हणून लिहायची, जो ही नोंद करू शकतो, तो त्या नावाचा धनी, असे गृहीत धरले जाते. नोंद जगभर पसरायला काही वेळ लागतो, उतावळा उमेदवार तेवढा धीर धरत नाही, पुन्हा पुन्हा आज्ञा देत राहतो आणि अखेरीस यश आल्यावरही खात्रीसाठी तेच प्रमाणपत्र आणखी चारदा मागून घेतो. त्यानंतर त्याला कळते, की नावांच्या एकाच संचाला आठवड्यात पाचच प्रमाणपत्रे मिळतात आणि आता त्याची दाढी धरली तरी सहावे मिळणार नाही. सरावासाठी वेगळा सर्व्हर ठेवलेला असतो, ही माहिती सूचनापत्रात सुरुवातीलाच दिलेली असल्यामुळे ती सहसा कोणी वाचत नाही.

आता प्रमाणपत्र हाती आले, परंतु ते पीईएम स्वरूपात आले. पीईएम ही अक्षरे ईमेलच्या गोपनीयतेसाठी ऐंशी-नव्वदच्या दशकांत आखलेल्या एका योजनेची असून ती योजना लोकांनी कधीच स्वीकारली नाही. तिचे फक्त फाइलीचे स्वरूप मागे उरले, ज्याच्या पहिल्या ओळीत पाच आडव्या रेघा, ‘बिगिन सर्टिफिकेट’ हे शब्द आणि पुन्हा पाच रेघा असतात. जावात लिहिलेल्या कंट्रोलरला हे स्वरूप चालत नाही. त्याला कीस्टोअर नावाची स्वतःची तिजोरी लागते. तेव्हा प्रमाणपत्र, मूळ संस्थेच्या वतीने सही करणाऱ्या मधल्या संस्थांची साखळी आणि जाहीर किल्लीची जोडीदार असलेली खासगी किल्ली या तिन्ही गोष्टी ओपनएसएसएल या साधनाने एका पीकेसीएस-१२ प्रकारच्या गाठोड्यात बांधायच्या, गाठोड्याला ‘युनिफाय’ असेच नाव द्यायचे, ते जावाच्या कीटूल या साधनाने तिजोरीत उतरवायचे आणि कंट्रोलर पुन्हा सुरू करायचा, असा विधी आहे. या तिजोरीचा पासवर्ड ‘एअरकंट्रोलएंटरप्राइझ’ असून तो साऱ्या दुनियेला पाठ आहे, आणि कंट्रोलर त्याच पासवर्डची अपेक्षा धरून बसलेला असल्यामुळे तो बदलण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. जावाची परंपराच तशी आहे. तिच्या स्वतःच्या विश्वासू संस्थांच्या तिजोरीचा मूळ पासवर्ड ‘चेंजइट’, म्हणजे ‘हा बदला’, असा आहे, आणि तोही वर्षानुवर्षे न बदलता जगभर सुखाने नांदत आहे.

कंट्रोलर पुन्हा सुरू होण्यास जावाच्या प्रकृतीनुसार काही मिनिटे घेतो. या मिनिटांत ब्राउझर काहीच दाखवत नाही आणि सर्व बिघडले अशी साधकाची खात्री पटते. त्यानंतर पान उघडते, आणि पुन्हा तेच लाल. कारण बहुधा हे, की साधकाने सवयीने बुकमार्कमधला १९२.१६८ वाला पत्ता दाबलेला असतो, आणि प्रमाणपत्र तर नावाचे आहे. नावाने उघडल्यावर संगणकावर सर्व ठीक दिसते, फोनवर मात्र नाही; याचे कारण मधल्या संस्थेचे प्रमाणपत्र गाठोड्यात बांधायचे राहिलेले असते, आणि संगणकावरचा ब्राउझर ते आपल्याजवळच्या साठ्यातून काढून वेळ साजरी करतो, तर फोन तेवढी मुरवत दाखवत नाही. हेही निस्तरले, की वीज जाते. कंट्रोलर रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर असेल, तर त्याच्या अनेक आवृत्त्यांत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरीच नसल्यामुळे वीज आल्यावर तो काही काळ भूतकाळात जगतो, आणि आज सकाळी दिलेल्या वैध प्रमाणपत्राला ‘याची मुदत अजून सुरू झालेली नाही’ अशा कारणाने नाकारणाऱ्या व्यवहारांत अडकतो. लोडशेडिंगचे गणित कोणत्याही प्रोटोकॉलच्या कर्त्याने विचारात घेतलेले दिसत नाही.

लॉजमालकाची अडचण याहून नाजूक असते. त्याच्याकडे उतरलेल्या पाहुण्याने वाय-फाय जोडले की आधी लॉजचे स्वागताचे पान यावे, नंतर इंटरनेट, अशी योजना असते. पण पाहुणा आपल्या बँकेचे कूटबद्ध पान उघडायला जातो, मध्येच लॉजचा कंट्रोलर स्वतःचे प्रमाणपत्र घेऊन पुढे होतो, आणि बँकेच्या नावाने आलेल्या चौकशीला लॉजच्या नावाचे उत्तर मिळाल्यामुळे ब्राउझर बोंब ठोकतो. या बाबतीत जगातले कोणतेही प्रमाणपत्र कामास येणार नाही, कारण ब्राउझर बरोबर आहे: कंट्रोलर नेमके तेच करत असतो, जे करणाऱ्याला पकडण्यासाठी प्रमाणपत्राचा शोध लागला. म्हणून कूटबद्ध पानांची वाट वळवण्याची सोय बंद ठेवणे आणि फोनला स्वागताचे पान आपण होऊन शोधू देणे, हेच शहाणपणाचे ठरते.

इतके सारे करून मिळते काय, तर पत्त्याच्या पट्टीतले छोटे कुलूप, असे पूर्वी सांगता येत असे. २०२३ च्या सप्टेंबरात क्रोमने ते कुलूपही काढून टाकले आणि त्या जागी सेटिंग्जची एक अनाकर्षक खूण आणून बसवली. फसवणुकीची बहुतेक संकेतस्थळेही आता रीतसर प्रमाणपत्र घेऊन बसलेली असल्यामुळे कुलूप पाहून लोक भलत्याच गोष्टीवर विश्वास ठेवतात, असे कारण दिले गेले, आणि ते खरे आहे. प्रमाणपत्र एवढेच सांगते, की हे नाव ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशीच बोलणे चालू आहे; तो सज्जन आहे की लफंगा, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. आणखी एक बक्षीस मात्र न मागता मिळते: सार्वजनिक संस्थेने दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र जाहीर नोंदवह्यांत लिहिले जाते आणि क्रोमने २०१८ पासून ही नोंद सक्तीची केलेली आहे. ज्याने कंट्रोलरला ‘तिजोरी-खोली-वायफाय’ असे सूचक नाव दिले असेल, त्याने ते नाव तिन्ही लोकी जाहीर केले, असे समजावे. नाव निरुपद्रवी ठेवणे, किंवा सर्व उपनावांना मिळून चालणारे वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घेणे, हा त्यावरील उपाय होय.

ज्यांच्या सहीवर हा डोलारा उभा आहे, त्या संस्थांचे चारित्र्यही अगदी निष्कलंक नाही. २०११ साली नेदरलँड्समधील डिजिनोटार या संस्थेत घुसखोरांनी शिरून गूगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रे काढली. ब्राउझरांनी तिला यादीतून हाकलले आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे वाजले. २०१४ च्या जुलैत भारताच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सहीने गूगलच्या नावांसाठी निघालेली अनधिकृत प्रमाणपत्रे उघडकीस आली आणि ती सही ताबडतोब रद्द करावी लागली. मात्र सही करणाऱ्याला चुकीची किंमत मोजावी लागते, हीच या व्यवस्थेची जमेची बाजू आहे. स्वतःच्या सहीने चालणाऱ्या कंट्रोलरला शिक्षा करण्याची कोणतीही सोय नाही.

खरी कसोटी बसवण्यात नसून मुदतीत आहे. सर्टबॉट हे साधन प्रमाणपत्राचे नूतनीकरण मुदत संपण्याच्या बरेच आधी आपोआप करते, नवी फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये नीट ठेवते आणि यशाचा निरोपही लिहून ठेवते. परंतु गाठोडे बांधून ते कंट्रोलरच्या तिजोरीत उतरवण्याचा विधी त्याला कोणी शिकवलेला नसतो. परिणामी फोल्डरमध्ये ताजे प्रमाणपत्र पडून असते, तिजोरीत जुनेच, आणि नव्वदाव्या दिवशी ब्राउझर पुन्हा लाल होतो. तोवर पासवर्ड लिहिलेला कागद हरवलेला आणि मूळ साधक दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो. पूर्वी लेट्स एन्क्रिप्ट मुदतीची आठवण ईमेलने देत असे, तीही सेवा २०२५ च्या जूनमध्ये बंद झाली. लहानांनी यात फार शरम वाटून घेऊ नये: २०१८ च्या ६ डिसेंबरला एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधील एका प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे ब्रिटनमधील ओटू कंपनीच्या लक्षावधी ग्राहकांचा डेटा बंद पडला, आणि २०२० च्या ३ फेब्रुवारीला मायक्रोसॉफ्टचे टीम्स याच कारणाने काही तास आडवे झाले.

पुढील काळ याहून कडक आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझरवाल्या कंपन्या यांच्या सामाईक मंचाने २०२५ च्या एप्रिलमध्ये घेतलेल्या निर्णयानुसार सार्वजनिक प्रमाणपत्राची कमाल मुदत २०२६ च्या १५ मार्चपासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० दिवस आणि २०२९ च्या त्याच तारखेपासून ४७ दिवस ठरली आहे. याचा अर्थ हाताने प्रमाणपत्र बसवणाऱ्याला वर्षातून किमान आठ वेळा हा विधी करावा लागेल. तेव्हा ज्याला रविवार प्रिय असेल, त्याने गाठोडे बांधणे, तिजोरीत उतरवणे आणि कंट्रोलर पुन्हा सुरू करणे या तिन्ही आज्ञा एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहाव्यात, ती स्क्रिप्ट सर्टबॉटच्या ‘रिन्यूअल-हुक्स’ फोल्डरातील ‘डिप्लॉय’ या कप्प्यात ठेवावी, आणि फोल्डरमधील फाइलवर विसंबून न राहता ब्राउझरला दिसणारी मुदतीची तारीख महिन्यातून एकदा स्वतः उघडून पाहावी. ज्याच्याने एवढे होणार नाही, त्याने सेल्फ-साइन्डवरच राहावे, पण लाल पान दिसल्यावर आधी वाचावे आणि मग दाबावे.